चार खळगे

उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा काही आठवडे ताईच्या घरी विश्रांतीला गेले, तेव्हा गॅरेजची किल्ली प्रथमच धाकट्याच्या हाती आली. देताना बाबा म्हणाले, "मधूनमधून दार उघडून वारा लागू दे. आत फार खुडबुड करू नकोस."

गाडी आत नव्हतीच. आपण नसताना ती एकटी नको, म्हणून बाबांनी ती आधीच मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये ठेवली होती. रिकाम्या खोलीचीही एवढी काळजी पाहून धाकट्याला हसू आले, आणि मागोमाग थोडे वाईटही वाटले. तो याच घरात जन्मला आणि वाढला होता, पण त्या दाराच्या आत मात्र तो कायम पाहुणाच राहिला होता. ताई लग्न होऊन गेली, आई गेली, घरात दोघेच उरले, तरी गॅरेज बाबांचेच होते. बाबा आत असले की धाकटा घराच्या दुसऱ्या अंगाला, गॅरेजच्या दारासमोर येणाऱ्या वरच्या खिडकीत बसे आणि खालून येणारे पान्यांचे आवाज ऐकत राही.

बाबांनी उभी हयात बस चालवण्यात घालवली होती. त्यांच्या बसमध्ये उभ्या माणसालाही दांडा धरावा लागत नाही, असे लोक म्हणत, आणि लोक म्हणतात हे बाबा स्वतःही सांगत. ती गाडी त्यांना भंगारात सापडली होती: दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, लांब नाकाची, गडद हिरव्या रंगाची जुनी स्पोर्ट्स कार. तिच्यात जीव आणायला त्यांना इतकी वर्षे लागली की दरम्यान दोन्ही मुले शाळेत जाऊ लागली. आई तिला 'सवत' म्हणत असे. "आली का माझी सवत न्हाऊनमाखून?" असे ती विचारी, आणि बाबा लाजल्यासारखे हसत.

आई नर्स होती. रात्रपाळी करून ती दिवसा झोपे, आणि तिची खोली नेमकी गॅरेजच्या वर. तिची झोप मोडू नये म्हणून बाबांनी एक रीत पाडली होती. फाटकापाशी आले की ते इंजिन बंद करत. तिथून गॅरेजपर्यंत वाट किंचित उताराची होती. गाडी त्या उतारावरून, चपला हातात घेऊन घरात शिरणाऱ्या माणसासारखी, आवाज न करता खाली येई, दारातून आत जाई आणि मागच्या भिंतीच्या अलीकडे थांबे. थांबताना एकदा पुढे आणि एकदा मागे अशी हलकेच मान डोलवी. मग बाबा उतरत आणि बंपर व भिंत यांच्यामध्ये हाताची वीत धरून पाहत. वीत नेमकी बसे. दर वेळी बसे. पाहुणे आले की हा खेळ त्यांनाही बघावा लागे.

"हात लावून बघा," बाबा म्हणत. "वीतभर. ना कमी ना जास्त. हा पाय आहे, पाय."

आई गेल्यावर झोप मोडण्यासारखे वर कोणी राहिले नाही. पण रीत राहिली.

धाकटा एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढण्याचे काम करी. माणसांशी बोलताना त्याची जीभ अडखळे, पण रेघ कधी अडखळत नसे. गॅरेजचे दार पहिल्यांदा एकट्याने उघडले तेव्हा त्याला आतली दशा पाहून शरम वाटली. भिंतींना ओल येऊन पोपडे सुटलेले, दाराची एक बिजागरी निखळून लोंबणारी, कोपऱ्यात वाळून दगड झालेल्या रंगाचे डबे, छताला एकच पिवळट दिवा. आणि फरशी तर किडक्या दातांसारखी. जुन्या सिमेंटला भेगा पडलेल्या, आणि गाडी जिथे उभी राही तिथे चार चाकांखाली चार खळगे. वर्षानुवर्षांच्या वजनाने ती जागा ताटलीसारखी खोल आणि गुळगुळीत झाली होती. अशी देखणी गाडी आणि ती खड्ड्यात उभी, हे त्याला बघवेना. बाबा परत येतील तेव्हा हे सगळे बदललेले असेल, आणि मग कदाचित ते म्हणतील, बस, जरा चालवून बघ. एवढ्याशा वाक्यासाठी त्याने बाह्या सरसावल्या.

रोज ऑफिसातून आला की तो जुने कपडे चढवून गॅरेजमध्ये शिरे. त्याने पोपडे खरवडले, ओल बंद केली, भिंतींना दोन हात पांढरा रंग दिला. दार उतरवून त्याला नव्या बिजागऱ्या लावल्या. एका फळीवर बाबांची सगळी हत्यारे टांगली आणि प्रत्येकाभोवती त्याच्याच आकाराची काळी रेघ काढली, म्हणजे पक्कड जागेवर नसली तर तिची सावली तरी दिसावी. शेवटी फरशी. भेगा आणि खळगे सिमेंटने भरून त्याने सगळ्या फरशीवर पातळ थर ओतला, थापीने सारखा केला, सपाटी मोजायची पाणसळ लावून कोपरा न् कोपरा तपासला आणि वाळल्यावर वर चकचकीत राखाडी रंग चढवला. मग लहानपणची काचेची गोटी शोधून आणून फरशीच्या मधोमध ठेवली. गोटी जिथल्या तिथे राहिली. इकडे नाही, तिकडे नाही. तो उकिडवा बसून किती तरी वेळ त्या न हलणाऱ्या गोटीकडे बघत होता. इतका आनंद त्याला क्वचितच झाला असेल.

बाबा आले त्या दिवशी ताई आणि भावोजीही आले होते. समोरच्या काकू, "काय काय केलंस ते बघू तरी दे," म्हणत फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती, आणि बाबांनी वर्कशॉपमधून गाडी स्वतःच आणायचा हट्ट धरला होता.

"नवा गुडघा आहे, बाबा. मिस्त्री आणून देतील की," ताई म्हणाली होती.

"गुडघा नवा आहे. पाय जुनाच आहे," बाबा म्हणाले होते.

धाकट्याने दाराची दोन्ही कवाडे सताड उघडली आणि तो आत, हत्यारांच्या फळीखाली, अंग चोरून उभा राहिला. बाबांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते त्याला जवळून पाहायचे होते. गाडी फाटकात वळली. इंजिन थांबले. टायरखाली खडी कुरकुरली, आणि ते लांब हिरवे नाक उजेडात न्हालेल्या गॅरेजमध्ये शिरले. बाबांची नजर भिंतींवरून फिरली, छताकडे गेली, फळीवर आली आणि तिथून धाकट्यावर. ते हसत होते.

गाडीने मान डोलवली नाही.

आवाज फार मोठा नव्हता. पत्र्याचा एक दबका हुंकार, आणि मागोमाग काच फुटून फरशीवर विखुरली. नाक भिंतीत दबले होते. डाव्या दिव्याची खोबण रिकामी झाली होती. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"लागलं का? बाबा, लागलं का कुठे?" ताई धावत आली. "मी म्हणतच होते. म्हणत होते की नाही मी?"

"पाय उठला नाही," बाबा म्हणाले. आवाजात आश्चर्य होते, दुसरे काही नाही. "लावायला गेलो, पण वेळेवर उठलाच नाही."

"होतं असं," भावोजी समजुतीने म्हणाले. "आता वयही झालं. कशाला जिवाला घोर?"

धाकटा खाली बघत होता. चाके जिथे थांबायची ती जागा चाकांच्या मागे राहिली होती, सपाट आणि चकचकीत. ते डोलणे त्याने खिडकीतून हजारदा पाहिले होते, आणि ब्रेक लागल्याची ती खूण आहे असेच तो समजत आला होता. आता त्याला कळले. ब्रेकने थांबलेली गाडी चाकांसकट मागे येत नाही. खळग्यात उतरलेली येते. बाबा पाय टेकवतही असतील, सवयीने, नुसता टेकवतच असतील. थांबवत होते ते खळगे. आणि ते खळगे त्याने बुजवले होते, वर गोटी ठेवून तपासले होते.

बाबा गाडीतून उतरले. भावोजींचा हात त्यांनी नाकारला नाही, हे सगळ्यांनीच पाहिले. मग खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी धाकट्याच्या तळहातावर ठेवली.

"गॅरेज फार छान केलंस," ते म्हणाले. "मला नसतं जमलं एवढं. आता गाडीही तूच सांभाळ."

त्याने बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "नशीब लागतं हो असा गुणाचा मुलगा मिळायला," आणि त्याने ते मिटून घेतले.

पुढचे दिवस त्याला चोरासारखे गेले. मिस्त्रींनी नाक ठोकून सरळ केले, दिवा बसवला, रंग जुळवला. बाबा बघायलाही गेले नाहीत. ते आता जिना कठडा धरून उतरत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत. सकाळचे फिरणे आधी कोपऱ्यापर्यंत आले, मग फाटकापर्यंत, मग थांबले. रस्ता ओलांडायचा असला की ते म्हणत, "तूच जा, मला उगीच कोणाच्या गाडीखाली यायचं नाही." गुडघा उत्तम बसला आहे असे डॉक्टर सांगत होते. बाबा मान हलवत, ऐकून घेत. ज्या पायाने ऐन वेळी दगा दिला त्याच्याबद्दल डॉक्टर काय सांगणार?

धाकटा मनाची समजूत घालत होता. खरे सांगितले तर पाय परत मिळेल, पण वीत जाईल. वीत हातातून गेली तर बाबांजवळ काय उरेल? पाहुण्यांना दाखवलेली, आईने कौतुक केलेली ती वीत खळग्यांची होती, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? तेव्हा आपण गप्प बसतो ते त्यांच्यासाठीच. युक्तिवाद नकाशासारखा नेटका होता. फक्त तो मांडताना त्याचा हात खिशातल्या किल्लीवर असे. एकदा संध्याकाळी तो गाडी घेऊन शहराबाहेरच्या रस्त्यावर गेला होता. ती दुरून दिसे त्याहून हलकी होती, वळणावर अशी लवे की जणू त्याचा विचारच तिला कळत होता. परतताना त्याच्या लक्षात आले की आपण गुणगुणतो आहोत. त्या गुणगुणण्याची त्याला नंतर जेवढी लाज वाटली तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही.

आणि मग एका सकाळी चहाच्या वेळी त्याच्या हातून चमचा पडला. तो उचलायला टेबलाखाली वाकला, तेव्हा त्याला बाबांचा उजवा पाय दिसला. सपातीतला तो पाय उचलला जाई, डावीकडे सरके, जमिनीवर दाबला जाई आणि पुन्हा जागेवर येई. पुन्हा उचले, पुन्हा दाबे. वर बाबा पेपर वाचत होते, पान उलटत होते. खाली त्यांचा पाय परीक्षेला बसलेल्या मुलासारखा ब्रेकचा तोच धडा गिरवत होता.

धाकटा चमचा घेऊन वर आला. "बाबा," तो म्हणाला, "आज रविवार आहे. जरा एक चक्कर मारून येऊ. तुम्ही शेजारी बसा."

"मी कशाला? तू जा."

"चला ना. माझं एक काम आहे."

निघण्यापूर्वी त्याने गॅरेजच्या मागच्या भिंतीला स्कूटरचे दोन जुने टायर टेकवून ठेवले. बाबांनी ते पाहिले. नवशिक्याची सावधगिरी, असेच त्यांना वाटले असावे. गावाबाहेर जाऊन दोघे परत आले. बाबा वाटभर खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "तिसऱ्यात जरा लवकर टाकतोस," आणि मग आपण बोललो याचा संकोच वाटल्यासारखे पुन्हा खिडकीकडे वळले.

फाटकापाशी धाकट्याने इंजिन बंद केले.

"अरे, बंद कशाला केलंस? तुला नाही जमायचं ते."

"बघा तर."

गाडी उतरू लागली. धाकट्याने दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेतले, बाबांना दिसतील असे. खडी कुरकुरली, दार गेले, जागा आली आणि मागे पडली. बाबांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर आपटला. गाडी टायरांवर धप्पदिशी टेकली आणि थांबली.

"पाय कुठे होता तुझा?" बाबांनी विचारले.

"मागे. लावलाच नाही."

"मग थांबणार कशी ती?"

"पूर्वी थांबायची, बाबा."

बाबा त्याच्याकडे वळले. धाकट्याने स्टिअरिंगकडे बघत, शब्द जमतील तसे सांगितले. चार खळगे होते. चाके त्यांत बसायची. मी ते भरले. त्या दिवशी पायाने दगा दिला नाही, फरशीने दिला.

बाबा दार उघडून उतरले. हाताला धरायला कठडा नव्हता आणि त्यांनी तो शोधलाही नाही. सपात काढून त्यांनी अनवाणी पाऊल फरशीवरून फिरवले, अंधारात दिव्याचे बटण चाचपावे तसे, जिथे डावे पुढचे चाक राहायचे तिथे, मग उजवे.

"म्हणजे मी ब्रेक लावत नव्हतो," ते म्हणाले.

"लावत असाल थोडासा."

"खरं सांग. वरच्या खिडकीतून तूच बघायचास ना?"

हे बाबांना ठाऊक होते, हे धाकट्याला ठाऊक नव्हते. "थांबताना ती मान डोलवायची," तो म्हणाला. "पुढे, मग मागे. चाकांसकट."

बाबांनी डोळे मिटले. बसवाल्या माणसाला याहून जास्त सांगावे लागत नाही. मग त्यांनी विचारले, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. धडकली तेव्हाच."

"मी जिन्याला लटकून उतरत होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि किल्ली तुझ्या खिशात."

"हो, बाबा."

बाबा रागावले असते तर बरे झाले असते. ते नुसते त्याच्याकडे बघत होते, तिसऱ्या गिअरबद्दल बोलले होते तसेच, जणू त्याने कुठेतरी घाई केली होती आणि कुठे ते त्यांना नेमके दिसत होते. त्यांनी हात पुढे केला. धाकट्याने किल्ली त्या हातावर ठेवली.

"ताईला फोन लाव," बाबा म्हणाले. "मोठ्यानं लाव, मला ऐकू आलं पाहिजे. झालं ते सगळ्यांसमोर झालं."

"काय सांगू?"

"खरं ते सांग." बाबा हत्यारांच्या फळीकडे वळले. पाठमोरे होऊन, पक्कड जागेवर सारखी करत, ते हळूच म्हणाले, "सगळं नको. खळग्यांचं काढू नकोस. फरशी गुळगुळीत होती, चाकं घसरली, एवढंच सांग. ब्रेक मी लावला होता."

त्यांची मान खाली गेली होती. धाकट्याने ती पाहिली. ती मान त्याच्या ओळखीची होती. इतके दिवस आरशासमोर तो ती वर करू शकत नव्हता. आपल्या वडिलांच्या खांद्यांवर ती पाहणे हे त्याच्या वाट्याचे खरे शासन होते, आणि आपल्याला करता येण्यासारखी एक गोष्टही त्यातच होती. त्याने फोन लावला.

"बोल रे," ताई म्हणाली. मागे भावोजींचा आवाज येत होता. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. ताई, त्या दिवशी बाबांचा पाय अगदी ठीक होता. त्यांनी ब्रेक वेळेवर लावला होता. फरशी मीच नको इतकी गुळगुळीत केली, म्हणून गाडी घसरली. चूक माझी. मला तेव्हाच कळली होती."

पलीकडे भावोजी बोलायचे थांबले.

"तेव्हाच कळली होती," ताई सावकाश म्हणाली, "आणि तू हे आज सांगतोस? म्हातारा माणूस घरात कोंडून बसला, मी त्यांना गाडीचं नाव काढू नका म्हणून बजावलं, आणि तू बघत बसलास. लाज नाही वाटत तुला?"

"वाटते," धाकटा म्हणाला.

ताईला बहुधा दुसरे उत्तर अपेक्षित होते. मग, "बाबांना दे," म्हणाली, पण बाबांनी मानेनेच नको म्हटले आणि त्याने फोन ठेवला.

धाकट्याने गाडी ढकलून दारापर्यंत मागे सारली. बाबांनी फळीवरून छिन्नी काढली, मग हातोडा. त्यांच्या जागी दोन काळ्या रेघा राहिल्या. ते त्या चकचकीत राखाडी फरशीवर येऊन उभे राहिले, आधी नव्या पायावर आणि मग दोन्ही पायांवर, आणि अंगठ्याने त्यांनी एक जागा दाखवली.

"इथं," ते म्हणाले. "आणि तिथं. पुढचे दोनच कर. बाकी हा पाय बघेल."

धाकटा गुडघे टेकून बसला. त्याने छिन्नी आपल्याच हातांनी गुळगुळीत केलेल्या जागेवर ठेवली. ती घसरली. त्याने ती पुन्हा ठेवली, घट्ट धरली आणि घाव घातला.